रस गाळून प्यायलो, चोथा टाकला... आता रिपोर्टचं काय करू?

सावकाश (धागालेखक)

चार महिन्यांपूर्वी रक्त तपासलं होतं. एकूण कोलेस्टेरॉल २३८ (सगळे आकडे दर डेसिलिटरला मिलिग्रॅम), एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल ४१, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी १८०, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल १६१. वय ४७, गोळी कुठलीच नाही. डॉक्टर म्हणाल्या, आधी खाण्याकडे बघा, फळं वाढवा, फायबर पोटात जाऊ द्या, मग ठरवू.

मी आज्ञाधारक माणूस. ज्यूसर आणला. सकाळी सफरचंदाचा रस, संध्याकाळी संत्र्याचा, दोन्ही मिळून अर्ध्या लिटरच्या थोडा वरच. बारीक गाळणीतून गाळून, कारण चरचरीत काही घशाशी आलं की मला नको वाटतं. एक दिवस चुकवला नाही.

काल नवा रिपोर्ट आला. एकूण २४०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड्स २२५, एलडीएल १५५. वजन दोन किलोनं वर.

एलडीएल सहानं उतरलं, हे फळांचं यश धरायचं का? आणि मग ट्रायग्लिसराइड्स का चढले? फायबरमुळे चरबी अंगी लागत नाही असं वाचलं होतं. जाणकारांनी उजेड पाडावा.

उगीचच

फायबर कुठे गेलं हे ज्यूसरच्या मागच्या डब्याला विचारा. चार महिने सगळ्यात पौष्टिक खाणं तुमच्या कचऱ्याच्या बादलीनं खाल्लं. :-)

सावकाश

अरे देवा. पण रसात काहीच उतरत नाही का? दाटसर असतो हो.

केशरपिवळा

उतरतं, पण किती ते बघा. १०० ग्रॅम सफरचंदात सालीसकट साधारण २.४ ग्रॅम फायबर असतं, तितक्याच रसात ०.२. संत्र्याचं गणित जवळपास तेच. म्हणजे अर्धा लिटर रसातून जेमतेम ग्रॅमभर फायबर आणि पन्नासेक ग्रॅम साखर. वरून घातलेली नसली तरी साखर ती साखर. दिवसाला अडीचशेच्या आसपास कॅलरी झाल्या आणि त्या जेवण कमी करून घेतलेल्या नाहीत, जेवणावर चढवलेल्या आहेत. दोन किलोचा हिशोब लागला?

अर्धा कप

यश धरू नका, कारण ते यश नाहीच, ती वजाबाकी आहे.

पुष्कळ लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, सूत्रानं काढतात. १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करा. तुमचा जुना रिपोर्ट घ्या. २३८ वजा ४१ वजा ३६, बरोबर १६१. नवा घ्या. २४० वजा ४० वजा ४५, बरोबर १५५. म्हणजे दोन्ही आकडे सूत्रातूनच आलेत.

आता बघा गंमत. ट्रायग्लिसराइड्स १८० वरून २२५ झाले म्हणून वजा होणारा भाग ३६ वरून ४५ झाला. एलडीएल 'उतरलं' ते त्यामुळे. एक वाईट आकडा वाढला म्हणून दुसरा वाईट आकडा कागदावर कमी दिसला.

हा घोळ टाळायचा तर एकूणमधून नुसतं एचडीएल वजा करून बघा, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. आधी १९७, आता २००. झालं.

सावकाश

हे वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. मी काल घरी पेढे वाटायच्या बेतात होतो.

उगीचच

वाटले नाहीत हे बरं, नाहीतर २३०.

दुर्बीण

जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. फायबर आणि कोलेस्टेरॉलचा संबंध लोकांना झाडूसारखा वाटतो, की आतडं झाडलं आणि कोलेस्टेरॉल बाहेर. तसं नाही. खरी गोष्ट पित्ताची आहे.

चरबी पचायला पित्तातली आम्लं लागतात आणि यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं. शरीरात यांचा साठा फार नसतो, दोन ते चार ग्रॅम. पण तो फुकट जात नाही. पित्त लहान आतड्यात उतरतं, चरबी फोडण्याचं काम करतं आणि आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. दिवसातून कित्येक फेऱ्या होतात. गळती म्हणाल तर रोज अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तेवढं यकृत नव्यानं बनवतं.

आता या फेरीत पेक्टिन आणून सोडा. पेक्टिन म्हणजे फळातलं विरघळणारं फायबर, पाणी धरून फुगतं, लगदा दाट करतं. त्या दाटपणात पित्ताम्लं अडकून पुढे मोठ्या आतड्यात जातात. गळती वाढली की यकृताला जास्त पित्ताम्लं बनवावी लागतात. कच्चा माल कोलेस्टेरॉल. तो कमी पडला की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढवतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढतात. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

थोडक्यात, फायबर रक्तातल्या कोलेस्टेरॉलला हातसुद्धा लावत नाही. ते आतड्यात एक गळती करतं आणि यकृत ती रक्तातून भरून काढतं.

अर्धा कप

एक शंका. काही ठिकाणी 'पेक्टिन पित्ताम्लांना बांधून ठेवतं' असं लिहिलेलं असतं, तुम्ही 'अडकतात' म्हणालात. मुद्दाम?

दुर्बीण

मुद्दाम. रासायनिक गाठ मारून बांधणारी औषधं वेगळी, कोलेस्टायरामीनसारखी. तत्त्व हेच, पित्ताम्लांची परतीची वाट अडवायची. अमेरिकेत ३८०६ पुरुषांवर सात वर्षांहून जास्त चाललेली त्याची चाचणी १९८४ मध्ये छापून आली, हृदयविकाराच्या घटना १९ टक्क्यांनी कमी भरल्या. पेक्टिनची मदार मुख्यतः चिकटपणावर. म्हणून ते किती अखंड आहे, त्याच्या साखळ्या किती लांब आहेत, याला फार महत्त्व. साखळ्या तुटल्या की दाटपणा गेला, दाटपणा गेला की बरंचसं काम गेलं.

बरणी

शेवटच्या वाक्यावर माझा जीव जडला, कारण हे मी रोज पातेल्यात बघते. :-) जॅम-जेली करणाऱ्यांना पेक्टिन कोलेस्टेरॉलच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १८२५ मध्ये त्याला नाव दिलं, तेही गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

फळ उकळून गाळलेला रस चमचाभर वाटीत घ्यायचा, गार होऊ द्यायचा आणि त्यात तिप्पट स्पिरिट ओतून वाटी हलकेच फिरवायची. ढवळायचं नाही. मिनिटभर थांबलं की खाली काहीतरी जमतं. पेक्टिन भरपूर असेल तर एकच सलग गोळा, काटा चमच्यानं उचलता येईल असा. मध्यम असेल तर दोन-चार लोंबते तुकडे. नसेल तर नुसते कण. (ही वाटी थेट मोरीत. चाखायची नाही!)

जरा कच्चट सफरचंदाला गोळा छान येतो. तेच सफरचंद पिकून पिठूळ झालं की तुकडे. पिकताना फळातली विकरं (एन्झाइम) पेक्टिन तोडत जातात, म्हणून तर फळ मऊ पडतं. आणि संत्र्यातलं पेक्टिन रसात शोधू नका. ते सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात आणि फोडींच्या पापुद्र्यात असतं.

सावकाशराव, फोडीवरचे पांढरे दोरे नखानं सोलून काढता ना? खरं सांगा.

सावकाश

एकूण एक. टीव्ही बघत बघत. बशीत ढीग होतो.

केशरपिवळा

बाजारातला काचेसारखा पारदर्शक सफरचंदाचा रस आठवा. तो पारदर्शक होतो कारण पेक्टिन तोडणारं विकर घालून गढूळपणा बसवतात आणि मग गाळतात. म्हणजे जे हवं तेच मोडून काढलेलं.

यावर डेन्मार्कमध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, २०१३ सालचा. २३ निरोगी माणसं, प्रत्येकाला आळीपाळीनं चार-चार आठवडे वेगवेगळं दिलं: रोज ५५० ग्रॅम अख्खी सफरचंदं, नाहीतर सफरचंदाचा वाळवलेला चोथा २२ ग्रॅम, नाहीतर गढूळ रस अर्धा लिटर, नाहीतर पारदर्शक रस अर्धा लिटर. एलडीएलचा कल अख्ख्या फळावर ६.७ टक्के खाली, चोथ्यावर ७.९ टक्के खाली, गढूळ रसावर २.२. पारदर्शक रसावर मात्र अख्खं फळ आणि चोथा यांच्या तुलनेत ६.९ टक्के वर.

बावीस ग्रॅम चोथा अर्धा किलो सफरचंदांच्या बरोबरीनं उभा राहिला!

उगीचच

सावकाशरावांच्या बादलीचं एलडीएल आता आदर्श असणार.

अर्धा कप

प्रयोग छान आहे, पण माणसं २३ आणि तीही निरोगी. 'कल' हा शब्द केशरपिवळा यांनी जपून वापरला ते बरं केलं. थोडं मोठं काही?

केशरपिवळा

२०२० चा एक आहे. किंचित वाढलेलं कोलेस्टेरॉल असलेली ४० माणसं, आठ आठवडे रोज दोन सफरचंदं, आणि तुलनेला तेवढ्याच साखरेचं सफरचंदी पेय. एलडीएलमधला फरक आपल्या मोजमापात पाचेक मिलिग्रॅम.

अर्धा कप

पाच. १६० मधले पाच. हेच मला सांगायचं होतं, कारण या विषयावर लोक फार वाहवत जातात. ब्राउन (वरचे नोबेलवाले नव्हेत) आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ६७ चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला: विरघळणाऱ्या फायबरच्या दर ग्रॅममागे एलडीएल सुमारे २.२ मिलिग्रॅमनं उतरतं. ओट, इसबगोल, पेक्टिन, ग्वार गम यांच्यात फार फरक नाही. आणि सावकाशरावांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे: ट्रायग्लिसराइड्सवर म्हणण्यासारखा परिणाम नाही.

शिवाय कुणाचंही एलडीएल काही न करता एका तपासणीतून दुसरीत सात-आठ टक्के इकडेतिकडे होतं. ट्रायग्लिसराइड्स तर वीसेक टक्के हलतात, म्हणजे १८० चे २२५ यातही थोडा भाग योगायोगाचा असेल. दोन आकड्यांवरून ना फळाला हार घालावा ना रसाला फासावर द्यावं.

दुर्बीण

रसाला थोडी शिक्षा मात्र रास्त आहे. सफरचंदाच्या साखरेत निम्म्याहून जास्त फ्रुक्टोज. ते बरंचसं यकृतातच हाताळलं जातं. गरजेपेक्षा जास्त ऊर्जा येत असेल तर यकृत त्याची चरबी बनवतं आणि व्हीएलडीएल नावाच्या, चरबी वाहून नेणाऱ्या पुड्यांत बांधून रक्तात सोडतं. तुमच्या रिपोर्टातले ट्रायग्लिसराइड्स म्हणजे मुख्यतः याच पुड्या. फायबरची पित्ताची वाट वेगळी आणि साखरेची ही वाट वेगळी. तुम्ही पहिली बंद ठेवली आणि दुसरी उघडली.

'चरबी अंगी लागत नाही' याबद्दल. के आणि ट्रसवेल या दोन संशोधकांचा १९७७ चा प्रयोग: रोज १५ ग्रॅम लिंबूवर्गीय फळांचं पेक्टिन, तीन आठवडे. रक्तातलं कोलेस्टेरॉल १३ टक्के खाली, शौचातली पित्ताम्लं ३३ टक्के जास्त, शौचातली चरबी ४४ टक्के जास्त. हा ४४ चा आकडा जाहिरातीत फार शोभतो. पण टक्के कशाचे? रोज १०० ग्रॅम चरबी खाणाऱ्या निरोगी माणसाच्या शौचात ती ७ ग्रॅमपेक्षा कमीच असते. त्यात ४४ टक्के वाढ म्हणजे दोन-तीन ग्रॅम, तीस कॅलरीसुद्धा धड नाहीत. ट्रायग्लिसराइड्स त्या प्रयोगातही हलले नाहीत.

नवखा_१

बराच वेळ वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. अख्खं फळ मिक्सरमधून काढून न गाळता प्यायलं तर? दात कमकुवत आहेत.

केशरपिवळा

स्वागत! न गाळता घेतलं तर फायबर पेल्यातच राहतं, पात्यानं ते नाहीसं होत नाही. दातांची अडचण असेल तर खुशाल घ्या. फक्त वेग सांभाळा. १९७७ मध्ये हेबर आणि सहकाऱ्यांनी सफरचंद, त्याचा लगदा आणि रस यांची तुलना केली होती. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगानं पोटात जात होता. रसानंतर पोट भरल्यासारखं कमी वाटलं, इन्सुलिन जास्त चढलं आणि नंतर रक्तातली साखर खाली घसरली. तेव्हा चमच्यानं खा. पेला तोंडाला लावू नका.

बरणी

किंवा फोडी थोड्या पाण्यात झाकण ठेवून मऊ शिजवा आणि पाण्यासकट खा. शिजवताना पेक्टिन पाण्यात उतरतं, ते पाणी ओतून दिलंत तर पुन्हा बादलीचीच चैन.

सावकाश

आता मुद्द्याचं सांगा. किती खायचं?

केशरपिवळा

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये पेक्टिनचा कोलेस्टेरॉलशी संबंध मान्य केला तो दिवसाला किमान ६ ग्रॅमला. ताज्या सफरचंदात पेक्टिन एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे नुसत्या सफरचंदांनी सहा ग्रॅम गाठायचे तर अर्धा किलोच्या वर. एकाच फळावर भार टाकू नका. १०० ग्रॅममागे एकूण फायबर पेरूत ५.४, नाशपातीत ३.१, केळ्यात २.६, द्राक्षांत ०.९, कलिंगडात ०.४. हे एकूण हं. यातलं विरघळणारं काहीच, उरलेलं सालीतलं आणि बियांतलं टणक. त्याचा कोलेस्टेरॉलला फारसा उपयोग नाही, पोट साफ राहायला आहे. आणि ओट, डाळी, कडधान्यं यांतही विरघळणारं फायबर असतं, सगळं फळांकडूनच का मागायचं?

निवांत

एकदम वाढवू नका एवढंच अनुभवातून सांगतो. मी एका रविवारी 'आजपासून फायबर' असं ठरवून सहा फळं खाल्ली. सोमवारी मीटिंगमध्ये पोट माझ्या आधी बोललं. मोठ्या आतड्यातले जिवाणू पेक्टिन खाऊन वायू करतात. पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, पाणी प्या.

दुर्बीण

ते जिवाणू वायूबरोबर लहान साखळीची मेदाम्लंही बनवतात. त्यातल्या प्रोपिओनेटमुळे यकृतात कोलेस्टेरॉल बनणं मंदावतं असं प्राण्यांत आणि पेशींत दिसलंय. माणसांत तेवढा ठोस पुरावा नाही, म्हणून मी ते वर लिहिलं नव्हतं.

सावकाश

तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. ज्यूसर माळ्यावर. रोज दोन सफरचंदं सालीसकट, एक संत्रं दोऱ्यांसकट (पहिले चार दिवस जिवावर आलं, आता दोरे निघाले तरी खातो), कधी पेरू. सकाळी ओट. वजन दोन किलो उतरलं, जिथे होतं तिथे आलो.

एकूण २२६, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड्स १६०, एलडीएल १५३. अर्धा कप, आता सांगा, धरू यश?

अर्धा कप

नॉन-एचडीएल २०० वरून १८५. हे वजाबाकीचं नाही, हे खरं उतरलेलं दिसतंय. पण यात रस बंद झाल्याचा वाटा किती, वजनाचा किती, फायबरचा किती, हे मी काय, कुणीच वेगळं काढू शकणार नाही. आणि १५३ म्हणजे अजून १५३च. डॉक्टर काय म्हणाल्या?

सावकाश

वडिलांना ५२ व्या वर्षी झटका आला होता, हे या वेळी त्यांना सांगितलं. मागच्या वेळी विचारलं नव्हतं आणि मीही बोललो नव्हतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू केलंय. जरा हिरमुसलोय. एवढी फळं खाल्ली ती वाया गेली का?

दुर्बीण

नाही हो. वाया कशी? फायबरनं गळती वाढवली की यकृत दोन्ही करतं: रक्तातून एलडीएल ओढतं आणि स्वतःही जास्त कोलेस्टेरॉल बनवायला लागतं. त्या दुसऱ्या भागामुळेच नुसत्या फायबरचा परिणाम पाच-सात टक्क्यांवर अडतो. स्टॅटिन नेमकं तेच बनवणं रोखतं. मध्यम मात्रेत एलडीएल ३० टक्क्यांच्या पुढे उतरवतं, आणि मात्रा दुप्पट केली तर वर जेमतेम सहा टक्के. तेवढं काम चांगलं फायबरही करू शकतं. सिम्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमबरोबर १५ ग्रॅम इसबगोल दिलं तर परिणाम २० मिलिग्रॅमच्या गोळीइतका आला, असं २००५ च्या एका चाचणीत दिसलं.

दोन गोष्टी सांभाळा. ग्रेपफ्रूट काही स्टॅटिन्सची रक्तातली पातळी वाढवतं, तुमची गोळी त्यातली आहे का ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. आणि पेक्टिन किंवा इसबगोलची पूड घ्यायची वेळ आली तर गोळीबरोबर घेऊ नका. लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत पेक्टिनमुळे औषधाचं शोषण घटल्याचं १९९१ मध्येच दिसलं होतं. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं तेही त्यांनाच विचारा. थायरॉइडच्या गोळीलाही हेच लागू.

सावकाश

गोळी रात्री, फळं दिवसा. जमेल.

बरणी

माळ्यावरचा ज्यूसर देणार असाल तर मला हवाय. रस तुम्ही ठेवा, मला चोथ्याची जेली करायची आहे.

उगीचच

बादलीची नोकरी गेली.